नाकारलेला मोबदला

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी दक्षिण डाकोटा या संस्थानाच्या नैर्ऋत्य भागात, जिथे गवताळ माळ संपता संपता वाऱ्यापावसाने झिजलेले मातीचे उजाड कडे सुरू होतात, तिथे ओग्लाला लकोटा नावाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपला तालुका समजावा. मात्र या तालुक्याचे क्षेत्र सुमारे २,१०० चौरस मैल असून २०२० च्या शिरगणतीप्रमाणे त्यातली वस्ती अवघी १३,६७२, चौरस मैलाला जेमतेम साडेसहा माणसे, इतकी विरळ आहे. शंभरांतले नव्वदांहून अधिक रहिवासी गोऱ्या लोकांनी ज्यांना सू असे नाव दिले त्या मूळ अमेरिकन राष्ट्राच्या पश्चिम शाखेचे, लकोटा, आहेत. आणि सबंध काउंटी त्यांच्या पाइन रिज या राखीव मुलखाच्या हद्दीत मोडते. निम्म्याच्या आसपास लोक दारिद्र्यरेषेखाली राहतात. दरडोई उत्पन्नाच्या यादीत या काउंटीचे नाव वर्षानुवर्षे अगदी तळाशी किंवा तळाच्या लगत सापडते. आणि वयाचा मध्यक राष्ट्रात अडतिशीच्या पुढे गेलेला असताना येथे तो पंचविशीच्या आसपास घोटाळतो, याचे कारण मुले पुष्कळ जन्मतात एवढेच नसून म्हातारी माणसे फार उरत नाहीत हेही आहे. २०१४ सालच्या आकड्यांवरून साऱ्या काउंट्यांचे आयुर्मान ताडून पाहणाऱ्या एका अभ्यासात येथील सरासरी आयुर्मान ६६.८ वर्षे, देशात सर्वांत कमी, भरले. त्याच यादीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या कोलोरॅडोतील समिट काउंटीच्या माणसाला याहून वीस वर्षे अधिक जगायला मिळते.

उदरनिर्वाहाची साधने सांगायला फार वेळ लागत नाही. नोकऱ्या आहेत त्या बहुतांशी सरकारी: जमातीच्या शासनाच्या, शाळांच्या, संघसरकारच्या आरोग्यखात्याच्या, कायल येथील ओग्लाला लकोटा महाविद्यालयाच्या, त्याखेरीज एक जुगारगृह आणि माळावर चरणारी गुरे. जमीन अफाट आहे, परंतु तिचा मोठा हिस्सा संघसरकारच्या विश्वस्तपणाखाली असल्यामुळे ती गहाण टाकून पेढीकडून कर्ज उचलणे दुर्घट, आणि १८८७ च्या कायद्याच्या धोरणाने माणसागणिक तुकडे पाडून दिलेल्या क्षेत्रांवर पिढ्यानुपिढ्या वारसांची नावे चढत गेल्याने कित्येक तुकड्यांना शेकडो हिस्सेदार झालेले. सातबाऱ्यावरील नावांची भाऊगर्दी पाहिलेल्या मराठी वाचकाला यातले मर्म अधिक उकलून सांगायला नको. असल्या जमिनीवर काउंटीला कर बसवता येत नाही. काउंटीला स्वतःचे मुख्य ठाणेदेखील नाही. तिचे दप्तर करारान्वये शेजारच्या फॉल रिव्हर काउंटीतील हॉट स्प्रिंग्ज या गावी सांभाळले जाते, आणि हे गाव वसलेले आहे ब्लॅक हिल्स नावाच्या डोंगरांच्या दक्षिण अंगाला, त्याच डोंगरांत, ज्यांच्यामुळे हा लेख लिहिण्याची बुद्धी झाली.

ही सारी माहिती अमेरिकेच्या गणना-खात्याकडून कोणालाही मिळते, आणि ती स्थूलमानाने खरीच आहे. राखीव मुलखांतील मूळ रहिवाशांपैकी शंभरांत साडेपाचांहून अधिक माणसे २०२० च्या गणनेतून सुटली असे त्याच खात्याच्या फेरपडताळणीत आढळले, एवढी त्रुटी सोडली तर. परंतु त्या कोष्टकांत एक रकाना मुळातच नाही. शिरगणतीत धर्म विचारण्याची आपल्याला इतकी सवय झालेली आहे की, अमेरिकेच्या शिरगणतीत धर्माचा प्रश्नच नसतो आणि धर्मविषयक प्रश्नाचे उत्तर देण्याची कोणावर सक्ती करू नये असा तेथे १९७६ पासून कायदाच आहे, हे वाचून आपल्याला किंचित नवल वाटावे. हा नियम शहाणपणाचा आहे याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. तथापि या एका काउंटीपुरते बोलायचे तर तिच्या आर्थिक स्थितीतली सर्वांत विलक्षण गोष्ट नेमकी त्याच गाळलेल्या रकान्यातली आहे.

ती अशी: राष्ट्रातल्या अतिदरिद्री लोकांत ज्यांची गणना होते त्या ओग्लालांच्या आणि त्यांच्या भाऊबंद सू जमातींच्या नावे अमेरिकेच्या सरकारी खजिन्यात एक अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम पडून आहे, ती त्यांची आहे असे त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेले आहे, आणि १९८० पासून आजतागायत या जमातींनी तिला हात लावलेला नाही.

हा पैसा कशाचा, हे समजायला थोडे मागे जावे लागते. १८६८ साली फोर्ट लॅरामी येथे झालेल्या तहान्वये मिसूरी नदीच्या पश्चिमेचा विस्तीर्ण मुलूख, ब्लॅक हिल्ससह, सू लोकांच्या निर्वेध उपभोगासाठी कायमचा राखून ठेवण्यात आला, आणि या मुलखातला कोणताही भाग पुढे द्यायचा झाल्यास प्रौढ पुरुषांपैकी तीन-चतुर्थांशांच्या सह्या आवश्यक राहतील असे कलम तहात घालण्यात आले. सहा वर्षांनी कस्टर नावाच्या सेनाधिकाऱ्याच्या तुकडीला त्या डोंगरांत सोने आढळले. मग जे व्हायचे ते झाले: खाणवाल्यांचे लोंढे आले, सरकारने आधी त्यांना थोपवल्याचा देखावा केला आणि पुढे तोही सोडून दिला, लढाया झाल्या, आणि १८७६ च्या ऑगस्टात काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या विधिमंडळाने, असा ठराव केला की सू लोक डोंगरांवरचा हक्क सोडीपर्यंत त्यांना शिधा देऊ नये. रानरेड्यांचे कळप गोऱ्या शिकाऱ्यांनी संपवीत आणलेले, शिकारीला बाहेर पडण्याची मनाई झालेली, हत्यारे आणि घोडे जप्त होत असलेले. अशा लोकांपुढे मॅनिपेनी याच्या अध्यक्षतेखालील आयोगाने कागद ठेवला. त्यावर सह्या झाल्या त्या प्रौढ पुरुषांपैकी दहा टक्क्यांच्या. १८७७ च्या फेब्रुवारीत त्याच कागदाचा कायदा झाला. डोंगरांतील होमस्टेक या एकाच खाणीतून पुढे, ती २००२ साली बंद होईतो, सुमारे चार कोटी औंस सोने निघाले.

सू जमातींनी १९२३ साली दावा गुदरला. तो एकदा फेटाळला गेला, निराळ्या आयोगापुढे पुन्हा उभा राहिला, खाली-वर झाला. आणि १९८० च्या ३० जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने, न्यायमूर्ती ब्लॅकमन यांच्या निकालपत्राद्वारे, असा निर्णय दिला की १८७७ चा कायदा म्हणजे योग्य मोबदला न देता केलेले भूमिहरण होते. जमिनीची १८७७ ची किंमत सुमारे १ कोटी ७१ लाख डॉलर, तीवर शंभर वर्षांचे पाच टक्के दराने व्याज, एकूण साडेदहा कोटींच्या घरात. वकिलांनी आपली फी, एक कोटीहून अधिक डॉलर, उचलली. अशिलांनी रक्कम नाकारली, आणि दरम्यान ओग्लाला जमातीने आम्हाला पैसा नको, जमीन हवी, असा वेगळा दावा लावला; तो न्यायालयाने चालवूनच घेतला नाही. तेव्हापासून ती रक्कम खजिन्यात वाढते आहे.

या नकाराला काय म्हणावे? एक सोपे उत्तर आपल्या ओठांवर लगेच येते: हा अपरिग्रह आहे, वैराग्य आहे, धनाला मृत्तिकेसमान लेखणाऱ्या संतवृत्तीचा पश्चिम गोलार्धातला आविष्कार आहे. मला हे उत्तर मुळीच मान्य नाही. वैराग्य हे स्वतःच्या मालकीच्या वस्तूविषयी असते आणि ते ज्याचे त्याने स्वीकारायचे असते. पाइन रिजवरील दारिद्र्य कोणी स्वीकारलेले नाही, ते लादलेले आहे, आणि गळक्या घरात तीन कुटुंबे दाटीने राहतात त्याला तपश्चर्या म्हणणे ही दुरून पाहणाऱ्याची क्रूर रसिकता होय. हे लोक पैशाचे द्वेष्टेही नाहीत. ते पगार घेतात, जुगारगृह चालवतात, सरकारी अनुदानासाठी भांडतात. त्यांनी नाकारले आहे ते धन नव्हे; एका विशिष्ट धनाला पावती देणे त्यांनी नाकारले आहे.

पावतीचा अर्थ काय होतो, हे त्यांच्या श्रद्धेकडे पाहिल्यावर कळते. ब्लॅक हिल्सच्या पोटात, आज जिथे विंड केव्ह नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे तिथे, श्वास घेतल्यासारखा वारा आत-बाहेर करणारी एक गुहा आहे. मनुष्यजात भूमीच्या उदरातून या गुहेच्या मुखावाटे वर आली, असे लकोटा परंपरा सांगते. डोंगरांतली शिखरे, कडे, कुरणे ही त्यांच्या विधींची आणि दर्शनांची स्थाने आहेत. आकाशातल्या नक्षत्रांशी त्यांची सांगड घातलेली आहे. अशी भूमी कोणा एका पिढीच्या मालकीची असते असे ते मानीत नाहीत. आपल्याकडील देवस्थान-इनामाची कल्पना येथे थोडी उपयोगी पडेल: इनामदाराला जमिनीचा वहिवाटदार म्हणून उपभोग असतो, परंतु ती फरोक्त करण्याचा अधिकार नसतो, कारण मालक तो नसून देव असतो, आणि देव तर विक्रीपत्रावर सही करीत नाही. मोबदला घेणे याचा अर्थ विक्री मान्य करणे, आणि वहिवाटदाराने विक्री मान्य करणे याचा अर्थ आपण मालक होतो असे खोटे बोलणे. असत्य बोलण्याबद्दल मिळणारी रक्कम कितीही मोठी असली तरी ती लाचच ठरते, आणि अब्ज डॉलरांची लाच नाकारणारा समाज वेडा ठरवायचा असेल तर आपल्याला नीतिशास्त्राची पुष्कळ पुस्तके मिटून ठेवावी लागतील.

याउलट अमेरिकेच्या कायद्याची अडचणही प्रामाणिकपणे समजून घेतली पाहिजे. त्या देशाच्या घटनेची पाचवी दुरुस्ती सरकारला जमीन घेण्याचा अधिकार गृहीत धरते आणि त्यावर अट घालते, योग्य मोबदल्याची. त्यामुळे अन्यायाची कबुली द्यायची झाली तरी न्यायालयाला ती रकमेच्या रूपानेच देता येते. निकालपत्र लिहिणाऱ्यांच्या सद्हेतूविषयी शंका घ्यायला जागा नाही. जखम एका भाषेत झाली आणि उपचार दुसऱ्या भाषेत लिहून मिळाला, इतकेच.

आक्षेपक म्हणतात, लकोटा लोक या डोंगरांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. त्यांच्यापूर्वी तेथे कायोवा, शायेन इत्यादी लोक होते आणि त्यांपैकी काहींना यांनीच हुसकावले. मग पावित्र्याची एवढी मातब्बरी कशासाठी? इतिहास म्हणून या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु पावित्र्य हे वहिवाटीच्या मुदतीने सिद्ध होणारे प्रकरण असते तर जगातील निम्मी तीर्थे रद्दबातल करावी लागली असती. शिवाय अमेरिकेने १८६८ साली तह केला तो कायोवांशी नव्हे. ज्याच्याशी करार केला त्याचे घर लुटताना त्याच्याही आधी येथे दुसरे कोणी राहत होते असे सांगणे हा बचाव कोणत्याही कचेरीत टिकणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. या काउंटीतील पुष्कळ लोक ख्रिस्ती आहेत. १८८८ साली खुद्द रेड क्लाउड या सरदाराच्या आग्रहाने जेझुइट पाद्र्यांनी येथे मिशन आणि शाळा काढली. मग डोंगर पवित्र कोणत्या धर्माने? या प्रश्नाला तर्काने उत्तर देण्याऐवजी मी ब्लॅक एल्क या पुरुषाकडे बोट दाखवीन. त्याला बालपणी जे महादर्शन घडले त्यात त्याने स्वतःला ब्लॅक हिल्समधील सर्वोच्च शिखरावर उभे असलेले पाहिले. वुंडेड नी येथे, याच काउंटीच्या हद्दीत, १८९० च्या २९ डिसेंबरला सैन्याने केलेल्या कत्तलीचा तो साक्षी होता. १९०४ साली त्याने बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अनेक वर्षे कॅथलिक धर्मोपदेशक म्हणून गावोगाव हिंडला. आणि तरी १९३२ साली कवी नाइहार्ट याच्या लेखणीतून त्याचे जे आत्मकथन प्रसिद्ध झाले ते त्या जुन्या दर्शनाचेच होते. १९५० साली तो वारला. २०१६ मध्ये ते शिखर त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले, आणि २०१७ मध्ये रॅपिड सिटीच्या धर्मप्रांताने त्याला संतपद मिळावे यासाठी विधिवत प्रक्रिया आरंभली. विद्वान आजही वाद घालतात की तो खरा कॅथलिक होता की खरा लकोटा. मला हा वाद निष्फळ वाटतो. १८८३ पासून ज्यांचे सूर्यनृत्य सरकारी नियमांनी गुन्हा ठरले, ज्यांच्या धर्माचरणाला संरक्षण देणारा कायदा थेट १९७८ साली झाला, त्या लोकांनी एका वेदीपुढे गुडघे टेकताना दुसरी विसरली नाही, यात मला दांभिकता दिसत नाही.

आता खरी कठीण गोष्ट. हरिश्चंद्राच्या कथेत आपण सारे त्याच्या सत्यनिष्ठेने गहिवरतो. परंतु त्या सत्याची किंमत कोण भरतो? बाजारात उभी राहते ती तारामती, आणि सर्पदंशाने मरतो तो रोहिदास. राजाने शब्द दिला तेव्हा रोहिदासाला कोणी विचारले होते काय? कथेत शेवटी देव येतो आणि मूल उठून बसते, म्हणून हा प्रश्न आपल्या घशाखाली उतरतो. पाइन रिजवर मूल उठून बसत नाही. पूर्वजांच्या आणि अजन्मा पिढ्यांच्या नावाने आजच्या पिढीने उपास काढावा, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला, आणि तो पोचतो कुठवर? ही शंका केवळ परक्यांची नाही. २००९ साली खुद्द काही सू व्यक्तींनी, ही रक्कम माणशी वाटून द्यावी, असा दावा संघन्यायालयात आणला होता. तो टिकला नाही; परंतु त्यांना स्वधर्मद्रोही म्हणण्याचे धाडस, पोट भरलेल्या माणसाने तरी, करू नये. इतके मात्र नोंदवावे की पैसा अनेक जमातींचा मिळून आहे, आणि माणशी वाटला तर एका पिढीच्या घरखर्चातच तो विरून जाईल. डोंगर मात्र कायमचे विकले गेलेले असतील.

सुटकेचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. न्यू जर्सीचे सेनेटर बिल ब्रॅडली यांनी १९८५ साली एक विधेयक आणले: डोंगरांतील खाजगी मालमत्तेला आणि माउंट रशमोरच्या शिल्पाला धक्का न लावता, संघसरकारच्या ताब्यातील सुमारे १३ लाख एकर जमीन सू राष्ट्राला परत करावी. इतका सौम्य तोडगा क्वचितच कोणी सुचवला असेल. तो मंजूर झाला नाही. पुढे २०१२ साली पे स्ला नावाचे डोंगरांच्या मध्यावरचे एक पवित्र कुरण खाजगी मालक विकणार असे कळताच काही सू जमातींनी वर्गणी करून सुमारे १,९०० एकर जमीन ९० लाख डॉलर मोजून विकत घेतली. घेताना पैसा निषिद्ध आणि देताना मात्र चालतो, हा विरोध काहींना हास्यास्पद वाटला. देवळातून चोरीस गेलेली मूर्ती सावकाराच्या दुकानात दिसली तर भक्त ती पैसे देऊन सोडवून आणतो; त्याने मूर्ती विक्रेय ठरत नाही. स्वखर्चाने सोडवणूक करणारे हे लोक अब्जाची थैली मात्र उघडत नाहीत, यात विसंगती असण्याऐवजी मला निश्चयाचा पुरावाच दिसतो.

परंतु रोहिदासाचा प्रश्न अजून शिल्लक आहे, आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. मला असे वाटते की तो प्रश्न ज्या रीतीने मांडला जातो तीच मुळात कपटाची आहे. पैसे घ्या आणि मुलांना जगवा, नाहीतर डोंगर धरून बसा आणि उपाशी मरा, असा सल्ला देणारे आजचे सद्भावी लोक, त्यांच्या नकळत, १८७६ च्या आयोगाचेच वाक्य मवाळ आवाजात पुन्हा उच्चारीत असतात: सही करा, मग शिधा मिळेल. भूक आणि डोंगर यांची गाठ सू लोकांनी मारलेली नव्हती, ती काँग्रेसने मारली. वस्तुतः ही दोन वेगळी खाती आहेत. त्याच १८६८ च्या तहात वैद्य, शिक्षक आणि शाळा पुरवण्याचे वचन अमेरिकेने दिलेले आहे, आणि ते सोडून दिलेल्या इतर विशाल मुलखाच्या बदल्यात दिलेले आहे. त्याची परतफेड ब्लॅक हिल्सच्या किमतीतून करायची नाही. ओग्लाला लकोटा काउंटीतले आयुर्मान समिट काउंटीहून वीस वर्षांनी कमी भरते याचा जाब मोबदला नाकारणाऱ्याकडे मागणे म्हणजे ऋणकोऐवजी धनकोला कोंडून ठेवणे होय. हरिश्चंद्राच्या दारिद्र्याचा विचार करताना ते विश्वामित्राने आणले होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

ही माझी एकट्याची कल्पना नाही. शेजारच्या रोझबड राखीव मुलखातील सरकारी इस्पितळाचा तातडीचा विभाग २०१५ च्या अखेरीस बंद करण्यात आला, तेव्हा तेथील सू जमातीने १८६८ च्या तहावर बोट ठेवून दावा लावला. आणि २०२१ साली अमेरिकेच्या आठव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की सक्षम वैद्यकीय सेवा पुरवणे हे संघसरकारचे कायदेशीर कर्तव्य आहे. त्या निर्णयात ब्लॅक हिल्सची रक्कम स्वीकारण्याची अट कोठेही घातलेली नाही.